‘नॉर्मल’ या शब्दाची झडती

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मला बोलावले होते. विषय बलांचा होता. सुरुवातीला मी फळ्यावर एक उतरण काढली, तिच्यावर एक खोके ठेवले आणि विचारले, “या खोक्यावरची नॉर्मल प्रतिक्रिया किती?” अकरावीला शिकवणाऱ्या एका सरांनी सांगितले, की त्यांच्या वर्गातली निम्मी मुले याचे उत्तर ‘खोक्याच्या वजनाइतकी’ असे देतात. कारण विचारले तर मुले म्हणतात, “सर, नॉर्मल आहे ना, मग नेहमीइतकीच असणार.”

सगळे हसले. चहाच्या सुट्टीत पाचवीच्या एक वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांना हसू आले नव्हते. त्यांच्या शाळेत मुलांची आरोग्य तपासणी झाली होती. प्रत्येक मुलाच्या पत्रकावर ‘नॉर्मल’ आणि ‘ॲबनॉर्मल’ अशा दोनच चौकटी होत्या. वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाच्या पत्रकावर दुसऱ्या चौकटीत खूण होती. पत्रके मुलांच्याच हातून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला वर्गात नवे नाव मिळाले, आणि आठवड्याने तो शाळेत यायला कुरकुर करू लागला. बाईंचा प्रश्न साधा होता. “मॅडम, तुमच्या फळ्यावरचा नॉर्मल आणि त्या पत्रकावरचा नॉर्मल हा एकच शब्द आहे का?”

त्या दिवशी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सुताराच्या पेटीतून

शब्द एकच आहे आणि त्याचे मूळ सुताराच्या पेटीत आहे. लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. आपले सुतार आणि गवंडी त्याला गुण्या म्हणतात. चौकट काटकोनात बसली की नाही हे गुण्या लावून पाहतात. ‘नॉर्मालिस’ म्हणजे गुण्याला उतरलेले, काटकोनातले. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळू लागला, तेव्हा त्याचा अर्थ ‘लंबरूप’ असाच होता. त्यात माणसाच्या स्वभावाचा, तब्येतीचा किंवा उंचीचा काहीही संबंध नव्हता.

गुण्यापासूनच ‘नियम’ हा अर्थ निघाला, आणि ते स्वाभाविक होते. ज्याने तपासायचे ते साधन, म्हणून मग ज्याने तपासायचे तो दंडक. ‘एनॉर्मस’ हा शब्दही याच घरातला. मापाच्या बाहेर गेलेले ते एनॉर्मस. ‘ॲबनॉर्मल’ची जन्मकथा मात्र थोडी गमतीची आहे. ग्रीक भाषेत ‘ॲनोमॅलोस’ असा शब्द होता. त्याचा अर्थ खडबडीत, सपाट नसलेला. त्याचा ‘नॉर्मा’शी काहीच संबंध नव्हता. पण मध्ययुगीन लॅटिनमध्ये ध्वनिसाम्यामुळे या दोघांची सरमिसळ झाली, त्यातून फ्रेंच ‘ॲनॉर्मल’ आला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने त्याला ‘ॲबनॉर्मल’ असे रूप दिले. म्हणजे ज्या शब्दाने आपण दुसऱ्याला मापाबाहेरचा ठरवतो, तो शब्द स्वतःच चुकीच्या सांध्यातून तयार झाला आहे.

मराठीतही असेच घडले आहे. ‘लंब’ म्हणजे लोंबणारा. भिंत सरळ आहे का हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्या ओळंब्याचे आणि लंबाचे मूळ एकच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्रिकोणाच्या उंचीला लंबच म्हटले आहे. ‘सूत्र’ म्हणजे दोरा, आणि ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ यावरून आला. भूमितीचे शब्द जगभर कारागिरांच्या हातातून आले आहेत. मुलांना हे सांगितले, तर ‘नॉर्मल’ हा त्यांना कोरडा पारिभाषिक शब्द वाटणार नाही.

फळ्यावरचा नॉर्मल

आता त्या खोक्याकडे वळू. इथे नॉर्मल म्हणजे फक्त ‘पृष्ठभागाला लंब’. उतरणीने खोक्यावर लावलेल्या बलाचा जो भाग उतरणीशी काटकोन करतो, ती नॉर्मल प्रतिक्रिया. दहा किलोग्रॅमच्या खोक्याचे वजन सुमारे ९८ न्यूटन असते. सपाट टेबलावर ते नुसते ठेवले, तर प्रतिक्रियाही ९८ न्यूटन. पण ३० अंशांच्या उतरणीवर ती सुमारे ८५ न्यूटन होते. खोके दोरीने थोडे वर उचलून धरले तर आणखी कमी होते. वर जाण्यासाठी नुकत्याच निघालेल्या लिफ्टमध्ये ती वजनापेक्षा जास्त असते. ‘नेहमीइतकी’ असे तिचे काही ठरलेले मूल्य नसते.

मुलांची चूक आळसातून आलेली नसते. त्यांनी शब्दाचा घरातला अर्थ वर्गात आणला, इतकेच. उलट प्रकाशाच्या धड्यात हा घोटाळा सहसा होत नाही. तिथे मराठी पाठ्यपुस्तकात ‘स्तंभिका’ हा शब्द आहे. आरशावर उभा केलेला खांब डोळ्यांसमोर येतो आणि मूल पुढे जाते. अकरावीत माध्यम बदलते, स्तंभिकेचा नॉर्मल होतो आणि गोंधळ सुरू होतो. तेव्हा अकरावीच्या पहिल्याच तासाला ‘नॉर्मल म्हणजे तुमची ओळखीची स्तंभिका’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.

बाटलीवरचा नॉर्मल

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले की नॉर्मल वेगळाच पोशाख करतो. एक लिटर द्रावणात पदार्थाचा एक ग्रॅम-सममूल्यभार असेल तर ते एक नॉर्मल द्रावण. हा ‘ठरवून घेतलेला’ नॉर्मल आहे. शास्त्रज्ञांनी एक माप ठरवले आणि त्याला हे नाव दिले. पण हे मापही पक्के नाही. पोटॅशियम परमँगनेटचे एक मोलर द्रावण घ्या. आम्लयुक्त माध्यमात त्याचा प्रत्येक घटक पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून ते पाच नॉर्मल. उदासीन माध्यमात तो तीन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तेच द्रावण तीन नॉर्मल. बाटली तीच, द्रावण तेच, आणि नॉर्मलता मात्र पुढे काय करणार यावर अवलंबून. म्हणूनच रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या एककाचा वापर टाळण्याची शिफारस केली आहे.

‘नॉर्मल तापमान आणि दाब’ यात आपल्याकडील पुस्तके शून्य अंश सेल्सिअस तापमान धरतात. महाराष्ट्रातल्या कोणत्या प्रयोगशाळेत शून्य अंश हे नेहमीचे तापमान असते? पाण्याचा ‘नॉर्मल उत्कलनबिंदू’ १०० अंश, पण तो एक वातावरण दाबाला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. तिथे चहाचे आधण ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून तिथले पाणी काही ‘ॲबनॉर्मल’ होत नाही. नॉर्मल ब्यूटेन म्हणजे फांदी नसलेल्या कार्बन-साखळीचे ब्यूटेन. फांदी असलेल्या आयसोब्यूटेनमध्ये काही खोट नसते, ते आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये खुशाल जळते.

या सर्व ठिकाणी नॉर्मल म्हणजे ‘बोलणी सोपी व्हावीत म्हणून मानलेला संदर्भ’. तो बदलताही येतो. १९८२ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने वायूंसाठी प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार असा बदलला, आणि एका मोल आदर्श वायूचे आकारमान २२.४ लिटरचे २२.७ लिटर झाले. निसर्गात त्या दिवशी काहीच घडले नाही. बदलला तो आपला करार.

शिक्षकांचा नॉर्मल

शिक्षक वाचकांना जवळचा असा आणखी एक अर्थ आहे. १७७४ साली ऑस्ट्रियात शालेय शिक्षणाचा कायदा झाला. त्यात इतर शाळांनी ज्यांच्याकडे पाहून शिकवावे, अशा शाळांना ‘नॉर्मल’ शाळा म्हटले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४ साली पॅरिसमध्ये शिक्षक घडवण्यासाठी ‘एकोल नॉर्माल’ स्थापन करण्याचे ठरले. इथे नॉर्मल म्हणजे ‘आदर्श नमुना’. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातही शिक्षक तयार करणाऱ्या शाळांना ‘नॉर्मल स्कूल’ म्हणत. आपली अध्यापक विद्यालये याच वंशातली.

पॅरिसच्या त्या शाळेत १७९५ मध्ये लाग्रांज, लाप्लास, माँज यांच्यासारखे गणिती शिकवत होते. लाप्लासने तिथे संभाव्यतेवर व्याख्यान दिले, आणि त्याचाच विस्तार पुढे त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात झाला. गंमत अशी, की पुढे ज्या वक्राला ‘नॉर्मल’ म्हणू लागले, तो इतक्या ठिकाणी का दिसतो याचे गणिती कारण १८१०च्या सुमारास लाप्लासनेच दाखवले. मात्र त्याने त्याला नॉर्मल म्हटले नव्हते.

घंटेच्या आकाराचा वक्र

आतापर्यंतचे तीनही अर्थ निरुपद्रवी आहेत. काटकोनातला, ठरवून घेतलेला आणि नमुनेदार. पुढचा भाग मात्र सावधपणे वाचायला हवा.

१८२०च्या दशकात फ्रेंच वैद्यकात ‘नॉर्मल’ हा शब्द ‘रोगट’ याच्या विरुद्ध अर्थाने रूढ होत होता. त्याच सुमारास बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केतले माणसांची मोजमापे गोळा करू लागला. खगोलशास्त्रात एकाच ताऱ्याची जागा अनेकदा मोजली की प्रत्येक वेळी थोडी वेगळी येते. ही मोजमापे मध्यभागी दाटीने आणि दोन्ही बाजूंना विरळ होत जातात. त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो. तिथे मधले मूल्य ‘खऱ्या’च्या जवळ आणि बाकीच्या ‘चुका’ असे मानणे योग्य असते, कारण तारा एकच आहे.

केतलेने पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेरांची मोजमापे मांडली आणि त्याला तोच वक्र दिसला. १८३५च्या ग्रंथात त्याने ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली होतीच. आता जणू निसर्ग एक आदर्श छाती घडवू पाहतो आहे आणि प्रत्यक्ष सैनिक म्हणजे त्यातल्या चुका आहेत, असा अर्थ निघू लागला. इथे घसरगुंडी झाली. तारा एकच होता, पण सैनिक पाच हजार होते. एका ताऱ्याच्या मोजमापातली तफावत ही चूक असते. पाच हजार माणसांमधली तफावत हे वैविध्य असते. आलेख सारखा आला म्हणून कारण सारखे होत नाही.

१८७०च्या दशकात या वक्राला अनेकांनी वेगवेगळे ‘नॉर्मल’ म्हणायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये गाल्टनने तो शब्द वापरला आणि कार्ल पिअर्सनने रूढ केला. गाल्टन केतलेच्याही पुढे गेला. त्याला मध्यभागी आदर्श दिसत नव्हता, सुमारपणा दिसत होता. त्याला माणसांची पैदास वक्राच्या एका टोकाकडे न्यायची होती. त्यासाठी १८८३ मध्ये त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. पुढे या विचाराने किती अनर्थ केला हे इतिहासात आहे. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंद’ ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला, आणि १९३३ मध्ये नाझी जर्मनीने तसाच कायदा केला.

पिअर्सन स्वतः युजेनिक्सचा पुरस्कर्ता होता. पण शब्दाबद्दल त्याला नंतर चुटपुट लागली. लाप्लास आणि गाऊस यांच्यातला श्रेयाचा वाद टाळायला हे नाव सोयीचे होते, पण त्यामुळे बाकीची सर्व वितरणे जणू ॲबनॉर्मल आहेत असा लोकांचा समज होतो, अशी कबुली त्याने १९२० मध्ये दिली. तोवर उशीर झाला होता.

नेहमीचे म्हणजे चांगले?

आजच्या व्यवहारात ‘नॉर्मल’ दोन कामे एकदम करतो. ‘बहुतेकांचे असते तसे’ हे एक आणि ‘असायला हवे तसे’ हे दुसरे. पहिले विधान मोजून तपासता येते. दुसरे हा आपला निर्णय असतो. एकाच शब्दामुळे पहिल्याच्या पाठीवर बसून दुसरे गुपचूप आत शिरते.

दोन्ही अर्थ किती वेगळे आहेत ते पाहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बहुतेकांचे तेच नॉर्मल असे धरले, तर रक्तक्षय नॉर्मल ठरेल. हे आपल्याला मान्य नाही, आणि नसावेच. उलट जगात साधारण दहा टक्के माणसे डावखुरी असतात. ती थोडी आहेत म्हणून त्यांच्यात दोष नसतो. तरी कित्येक डावखुऱ्या मुलांच्या हातावर पट्ट्या बसल्या आहेत. आपल्याकडे बाळंतपणाची बातमी आली की पहिला प्रश्न येतो, “नॉर्मल झाली का सिझर?” त्याच पाहणीत शेजारच्या तेलंगणात सुमारे ६१ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली होती. म्हणजे तिथे ‘नॉर्मल’ बाळंतपण हेच अल्पसंख्य आहे.

प्रयोगशाळेतून येणाऱ्या रक्ततपासणीच्या अहवालाकडेही असेच पाहावे. ‘नॉर्मल मर्यादा’ बहुधा अशी ठरवतात : निरोगी माणसांचे नमुने घ्यायचे, त्यातले मधले ९५ टक्के आत ठेवायचे. याचा सरळ अर्थ असा, की निरोगी माणसांपैकी पाच टक्के त्या मर्यादेबाहेर पडणारच. आता एका निरोगी माणसाच्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर? सर्वच्या सर्व आत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. निदान एका आकड्यापुढे खूण येण्याची शक्यता ६४ टक्के. हे गणित दहावी-अकरावीच्या मुलांना जरूर करायला द्या.

याचा अर्थ मर्यादा निरुपयोगी आहेत असा नाही. मर्यादेबाहेरचा आकडा डॉक्टरांना ‘पुन्हा पाहा’ असे सांगतो. उंचीच्या आलेखातली तिसऱ्या शतमानाची रेषाही तेवढेच सांगते. ज्या निरोगी मुलांवरून तो आलेख बनला, त्यांच्यातलीही शंभरात तीन मुले त्या रेषेखालीच होती. तेव्हा रेषेखालच्या मुलाबद्दल पुढचे प्रश्न विचारायचे असतात. आईवडिलांची उंची किती? गेल्या वर्षभरात किती वाढला? पोटभर जेवतो का? काही जुने दुखणे आहे का? चौकटीतली खूण ही प्रश्नाची सुरुवात असते. आपण ती निकाल म्हणून वाचतो.

नॉर्मा आणि वैमानिक

सरासरी माणूस प्रत्यक्षात असतो तरी का? १९४५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात एका वृत्तपत्राने स्पर्धा घेतली. हजारो तरुणींच्या मोजमापांच्या सरासरीवरून एक पुतळा बनवला होता. त्याचे नाव ‘नॉर्मा’. लॅटिन गुण्या आता स्त्री होऊन उभा होता! या पुतळ्याशी जुळणारी स्त्री शोधायची होती. तीन हजारांहून अधिक जणींनी आपली मापे पाठवली. नऊच्या नऊ मापांत जुळणारी एकही निघाली नाही.

याहून बोलका प्रयोग अमेरिकेच्या हवाईदलाचा. विमानांतली वैमानिकाची जागा पूर्वी सरासरी मापावर बेतलेली असे. १९५० साली गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण शास्त्रज्ञाने ४०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे त्याने निवडली. प्रत्येकात मधल्या साधारण ३० टक्क्यांत बसणारा तो ‘सरासरी’, अशी बरीच सैल व्याख्या केली. दहाही मापांत सरासरी निघालेले वैमानिक किती? शून्य. आपले गणितही तेच सांगते. दहा मापे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर ०.३ चा दहावा घात म्हणजे दहा लाखांत जेमतेम सहा. प्रत्यक्षात उंच माणसाचे हातही लांब असतात, म्हणून शक्यता याहून थोडी अधिक. तरीही चार हजारांत एकही नाही.

हवाईदलाने यावरून वैमानिक बदलले नाहीत. मागेपुढे सरकणारी आसने आणि घट्ट-सैल करता येणारे पट्टे मागवले. आज आपल्या मोटारीत आपण आसन पुढे ओढतो, ते त्याच शहाणपणाने.

निकालाचा वक्र

हे सर्व शाळेशी कसे जोडले आहे, ते शिक्षकांना सांगायला नकोच. चाचणीचे गुण घंटेच्या आकारात आले म्हणजे परीक्षा चांगली झाली, असे मानणारे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी गुण त्या आकारात बसवलेही जातात. पण तो वक्र केव्हा येतो? अनेक छोटी, स्वतंत्र, यदृच्छ कारणे एकत्र मिळाली की येतो. शिकवणे ही यदृच्छ घटना नाही. ती हेतुपूर्वक केलेली कृती आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये हाच मुद्दा मांडला. शिकवणे परिणामकारक असेल, तर गुणांचा आलेख घंटेसारखा राहता कामा नये, तो उजवीकडे दाटायला हवा. वर्गातल्या सर्वांना अपूर्णांकांची बेरीज येऊ लागली, तर तो निकाल ‘ॲबनॉर्मल’ असेल आणि आपण पेढे वाटायला हरकत नसावी.

मराठीपाशी काय आहे

आता परिभाषेबद्दल. इंग्रजीने एका शब्दाच्या खुंटीला सगळे कपडे टांगले. मराठीत आपल्यापाशी वेगवेगळ्या खुंट्या आहेत. काटकोनासाठी स्तंभिका, लंब, अभिलंब. ठरवून घेतलेल्या मापासाठी प्रमाण. मध्यासाठी सरासरी. वारंवार दिसणाऱ्यासाठी सर्वसाधारण. तब्येतीसाठी निरोगी. हवामानखाते ज्याला इंग्रजीत नॉर्मल पाऊस म्हणते, त्याला आपली वृत्तपत्रे ‘सरासरीइतका’ म्हणतात आणि इंग्रजीहून अधिक नेमके बोलतात. जून ते सप्टेंबर या काळात देशभराची १९७१ ते २०२० ची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. पाऊस सरासरीइतका झाला म्हणजे वेळेवर आणि पिकांना हवा तसा झाला, असे त्यातून निघत नाही. ‘नॉर्मल’ म्हटले की ते निघाल्यासारखे वाटते.

परिभाषा कोशांनी मात्र नॉर्मल वितरणाला ‘प्रसामान्य वितरण’ आणि ॲबनॉर्मलला ‘अपसामान्य’ असे शब्द देऊन इंग्रजीतला गोंधळ जसाच्या तसा मराठीत आणला, ही माझी तक्रार आहे. ‘अपसामान्य’मधला ‘अप’ अपमान आणि अपराध यांतलाच आहे. वक्राला ‘घंटाकार’ किंवा ‘गाऊसचे वितरण’ म्हटले असते तर काय बिघडले असते?

आपली भाषाही अगदी निर्दोष नाही. ‘उजवा ठरणे’ म्हणजे सरस ठरणे, ‘डावे करणे’ म्हणजे भेदभाव करणे. ‘सुतासारखा सरळ’ ही स्तुती आणि ‘वाकडा’ ही निंदा. गुण्या आणि ओळंबा आपणही माणसांना लावतोच. फरक इतकाच, की हे शब्द बोलताना आपण मत देतो आहोत हे सर्वांना कळते. ‘नॉर्मल’ हा शब्द विज्ञानाचा पांढरा अंगरखा घालून येतो, म्हणून त्यातले मत मोजमापासारखे भासते.

यावर एक साधी सवय लावून घेता येईल. वर्गात किंवा शेऱ्यात ‘नॉर्मल’ लिहायची वेळ आली, की थांबून विचारावे : मला काटकोन म्हणायचा आहे, ठरवलेले माप म्हणायचे आहे, सरासरी म्हणायची आहे, की चांगले म्हणायचे आहे? पहिले तीन असतील तर त्यांचे मराठी शब्द तयार आहेत. चौथे असेल, तर कोणासाठी चांगले आणि का, हे लिहावे लागेल. बहुतेक वेळा त्यानंतर तो शब्द लिहावासाच वाटत नाही.

त्या बाईंशी नंतर पत्रव्यवहार झाला. मुलाचे आईवडील दोघेही उंचीने कमी होते. जुन्या नोंदी काढल्या तेव्हा तो वर्षभरात पाच सेंटिमीटर वाढलेला दिसला, आणि डॉक्टरांनीही काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. पुढच्या तपासणीच्या वेळी बाईंनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पत्रकातल्या दोन चौकटी काढून टाकल्या आणि तिथे दोन रकाने आखले : ‘यंदाची उंची’ आणि ‘गेल्या वर्षीची उंची’. पत्रके पाकिटात घालून पालकांच्याच हाती दिली. शिवाय त्या मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत होते, म्हणून शाळेच्या सुताराकडून बाकाखाली एक फळी ठोकून घेतली. फळी नीट काटकोनात बसावी म्हणून सुताराने गुण्या लावला असेल. त्या सगळ्या प्रकरणात ‘नॉर्मल’ला योग्य जागा मिळाली ती तिथेच.